मेंदूतील गाठ आणि स्निग्धतेचा हिशेब

मेंदूतील गाठीची तपासणी झाल्यावर अहवालात कधी कधी ‘लिपिड-लॅक्टेट पीक’ असे शब्द आढळतात. लिपिड म्हणजे चरबी, एवढाच अर्थ घरातील मंडळी लावतात आणि त्याच दिवसापासून रुग्णाच्या ताटातील तूप बंद होते. आयुष्यभर वरण-भातावर तुपाची धार घेतलेल्या माणसाला आपला आजार म्हणजे त्या तुपाचेच फळ वाटू लागते. ही समजूत निराधार आहे. आणि उपचारांनी थकलेल्या रुग्णाला ती अपायकारकही ठरू शकते.

गाठ वेगाने वाढू लागली की तिच्या मध्यभागी रक्तपुरवठा अपुरा पडतो. तेथील पेशी मरतात आणि त्यांच्यातील स्निग्ध द्रव्ये मोकळी होतात. तपासणीत उमटतात ती मुख्यतः ही द्रव्ये. त्यांचा स्वयंपाकघरातील डब्याशी संबंध नसतो.

मुळात मेंदू हा स्निग्धतेनेच घडलेला अवयव आहे. पाण्याचा अंश वगळला तर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के; परंतु शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे २० टक्के त्याच्याकडे असते. त्यातील बहुतेक भाग मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणात असतो. हे कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील सूक्ष्म अडसर रक्तातील कोलेस्टेरॉलला आत येऊ देत नाही. मेंदू आपल्या गरजेपुरते कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो आणि तारकापेशी ते इतर पेशींना पुरवतात.

ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांमधील मेंदूची सर्वाधिक आढळणारी प्राथमिक घातक गाठ. ती याच व्यवस्थेचा गैरफायदा घेते. कर्करोगाच्या पेशी साखर अवाजवी प्रमाणात वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते. या गाठीला स्निग्धतेचीही तेवढीच भूक असते, हे गेल्या दोन दशकांत स्पष्ट होत गेले. नवी पेशी घडवायची तर तिचे आवरण घडवावे लागते, आणि त्यासाठी स्निग्ध द्रव्ये लागतात.

निरोगी पेशीचा हिशेब चोख असतो. कोलेस्टेरॉल पुरेसे झाले की त्यापासून बनलेली विशिष्ट द्रव्ये पेशीला इशारा देतात. मग आवक थांबते आणि जास्तीचे बाहेर पाठवले जाते. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींमध्ये ही इशारा देणारी द्रव्ये फार कमी तयार होतात. त्यामुळे आवक चालूच राहते. अनेक गाठींत ईजीएफआर हा वाढीचा संकेत देणारा घटक बिघडलेला असतो, आणि तो ही भूक आणखी वाढवतो. आत आलेला जादा माल सूक्ष्म स्निग्ध थेंबांच्या रूपाने साठवून ठेवला जातो.

या बेहिशेबी आवकीवर बंधन घालण्याचे प्रयत्न सुरू आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, एलएक्सआर-६२३ नावाच्या द्रव्याने या पेशींतील कोलेस्टेरॉल घटले, गाठ आक्रसली आणि उंदरांचे आयुष्य वाढले. तथापि हेच द्रव्य त्यापूर्वी माणसांना दिले असता मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसले होते. म्हणून प्रयोगशाळेतील यशाला रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेला उपाय समजू नये. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हाच आजही उपचारांचा आधार आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ किरणोपचारांनी मध्यम आयुर्मान १२.१ महिने, तर टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर १४.६ महिने आढळले. लाभ थोडा आहे. पण तो सिद्ध झालेला आहे.

आहार बदलून गाठीची उपासमार करता येईल काय, हेही तपासले गेले. जर्मनीत गाठ पुन्हा उद्भवलेल्या २० रुग्णांना साखर व पिष्टमय पदार्थ अत्यल्प असलेला आहार देण्यात आला. असा आहार पाळणे शक्य असल्याचे दिसले. मात्र केवळ त्याने गाठीला लक्षणीय आळा बसला नाही. पुढे ५० रुग्णांच्या चाचणीत किरणोपचारांच्या काळात अशा आहाराला उपवासाची जोड दिली गेली. तरीही गाठ पुन्हा वाढू लागण्याच्या काळात फरक पडला नाही.

उपवास आणि आयंबिल पाळणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी घ्यावे. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने स्नायू क्षीण होतात आणि रक्तातील साखर वाढते. अशा वेळी शरीराला पुरेसे अन्न व प्रथिने मिळणे अगत्याचे असते. टेमोझोलोमाइड बहुधा रिकाम्या पोटी, झोपण्यापूर्वी घ्यायला सांगतात. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असेल तर तो आरंभीच डॉक्टरांना सांगावा. सोयीची दुसरी वेळ ठरवता येते. आकडी रोखणारी गोळी मात्र एक दिवसही आपल्या मनाने चुकवू नये. कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधेही स्वतःहून सुरू वा बंद करू नयेत.

ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे गेलेल्या वर्षांतील ताटांचा जमाखर्च मांडण्यात अर्थ नाही. गाठीचे कारण तुपात नव्हते. रुग्णाच्या मनावरील तो दोषाचा भार उतरवणे घरच्यांच्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.