जोड लावण्याआधी

बैल घेताना बीडचा शेतकरी दात मोजतो, खूर पाहतो, वळू कोणाचा होता हेही विचारतो. राखणीसाठी अल्सेशियनचे पिल्लू आणताना मात्र कान उभे राहतील ना, एवढ्यावर सौदा होतो. तेच कुत्रे आठ-नऊ वर्षांचे झाले की कधी शहाबादी फरशीवर मागच्या पायाची नखे घासल्याचा आवाज येऊ लागतो. ‘वय झालं आता,’ म्हणून घरचे तो सोडून देतात.

तो डिजनरेटिव्ह मायलोपथीचा असू शकतो. या आनुवंशिक आजारात मज्जारज्जूतील चेतातंतू झिजतात. दुखत नसल्याने कुत्रा कण्हत नाही. चाल डगमगते, पंजा उलटा पडतो आणि बहुधा सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय जातात. मागचा पंजा हाताने उलटा टेकवला, तर निरोगी कुत्रा तो लगेच सुलटा करतो. आजारी कुत्र्याला ते उमगत नाही. मणक्यातली गादी सरकली तरी असेच होते, पण तिच्यावर उपचार आहेत. म्हणूनच घरगुती निदानावर न थांबता परभणी किंवा उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे.

अल्सेशियनमधील या आजाराचे वर्णन १९७३ मध्ये झाले. त्यामागचा एसओडी-१ या जनुकातील दोष २००९ मध्ये सापडला. माणसातील एका मोटर न्यूरॉन आजाराशी याच जनुकाचा संबंध १९९३ पासून माहीत आहे. कुत्र्यांतील आजार बरा करणारे औषध नाही. नियमित व्यायामाने चालणे काही काळ टिकते, इतकेच.

खरी मेख वेळेची आहे. कुत्र्याची जोड लावतात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणि पाय ओढू लागतो आठव्या. तोवर तो आजोबा झालेला असतो. दोष आई आणि बाप दोघांकडून आला, तरच सहसा धोका. तेव्हाही प्रत्येक कुत्रा आजारी पडतोच असे नाही. दोष एकाच बाजूने आलेला कुत्रा फक्त वाहक असतो. अशा दोन धडधाकट वाहकांच्या चार पिल्लांत सरासरी एकाला दुहेरी दोष मिळतो. वाहकाची जोड निर्दोष कुत्र्याशी लावली, तर एकालाही नाही. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर या जनुकाची चाचणी होते.

२०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. पण नोंदणीच्या कागदावरून जनुक कळत नाही. ते विचारायचे काम पिल्लू घेणाऱ्याचे. वळूची चौकशी करणाऱ्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. तो फक्त गोठ्यातून अंगणात आणायचा आहे.