भिंत कोणाची, आठवण कोणाची?

आमच्या करवीरनगरीस 'कलापूर' म्हणवून घेण्याची हौस फार. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचीं नांवें घेतल्यावांचून येथील एकही सभा पुरी होत नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या शहरास चित्रकलेचा एवढा अभिमान, त्यानें आपल्या भिंतींवर काय चालविलें आहे, इकडे फारसें कोणाचें लक्ष नाहीं. येथील एका संस्थेच्या आवाराची भिंत परवां सुशोभित झाली. गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणांचीं माणसें, मध्यें तारपा वाजविणारा, भोंवतीं नाचणाऱ्यांचा वेढा. 'आदिवासी बांधवांच्या कलेस मानवंदना' असा फलकही लागला. त्यावर देणगीदाराचें नांव चित्रांतील माणसांच्या दुप्पट आकाराचें. मीं सहज विचारलें, "हीं चित्रें काढलीं कोणीं?" तेव्हां कळलें कीं ठेकेदाराच्या माणसांनीं पुठ्ठ्याचे साचे लावून दोन दिवसांत काम उरकलें, त्यांत वारली एकही नव्हता. माझा प्रश्न कोणास रुचला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

"कला ही सर्वांची, यांत कोणाचें काय गेलें?" असें सुशिक्षित गृहस्थ विचारतात. याच गृहस्थांना २०२५ चा जून महिना आठवतो काय? इटलीच्या प्राडा कंपनीनें मिलानच्या प्रदर्शनांत आमच्या कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं, तेव्हां सारें शहर केवढें खवळलें होतें! त्या वेळीं कला सर्वांची आहे असें कोणी म्हटलें नाहीं. पुढें कंपनीस मूळ कोठलें तें कबूल करावें लागलें. कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें २०१९ सालीं; वारली चित्रांस तें त्याआधींच, २०१४ सालीं मिळालेलें आहे. मिलानच्या सौदागरास जो न्याय, तो आमच्या ठेकेदारास कां नको?

पण नुसत्या नांवाची आणि पैशाची गोष्ट असती तर मीं लेखणी उचलली नसती. डहाणूकडे वारल्याच्या घरीं लग्न निघालें म्हणजे सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. तो सुवासिनींनीं लिहावयाचा. त्यांत पालघट देवी विराजमान व्हावयाची, धवलेरीनें गाणीं म्हणावयाचीं. चौकावांचून लग्न नाहीं. आतां याच लग्नाची दुसरी बाजू पाहा. त्यासाठीं जें थोडें कर्ज काढावें, त्यापायीं नवरा, आणि त्याच्या मागोमाग त्याची बायकोही, जमीनदाराच्या दारीं जन्मभर राबत असे. अशा माणसास 'लग्नगडी' असा शब्दच रूढ होता. १९४५ सालीं शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीनें वारल्यांनीं ही गुलामी व वेठ झुगारली. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती तेथें पडले. आमच्या भिंतीवरचा वारली मात्र सदा नाचतच असतो. त्यास कर्ज नाहीं, जमीनदार नाहीं, तलवाडा नाहीं. ज्याची भिंत त्याच्याकडून घेतली, त्याची आठवणही आम्हीं पुसून टाकली, आणि वर मानवंदना!

शुद्धतेचा आग्रह माझा नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे पुरुष असून त्यांनीं बायकांच्या हातची ही कला उचलली, ती लग्नघराबाहेर कागदावर आणि कापडावर नेली, आणि तिच्यासाठीं २०११ सालीं पद्मश्री मिळविली. रूढि मोडली, पण मोडणारा वारलीच होता. काय काढावयाचें तें त्यानें ठरविलें. सारा वाद एवढ्यापुरता आहे.

आमच्या घाटाखालीं कुडाळजवळ पिंगुळी आहे. तेथील ठाकर पिढ्यान् पिढ्या चित्रांच्या पोथ्या उलगडून रामायण-महाभारतांतील आख्यानें सांगत आले. असल्या चित्रांना अभ्यासकांनीं 'पैठण शैली' हें नांव चिकटविलें. पिंगुळीच्या ठाकराचा त्यांत उल्लेखही नाहीं. परशुराम गंगावणे यांनीं कोणा सरकारी इमारतीची वाट न पाहतां आपल्या गुरांच्या गोठ्यांत त्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या मांडून संग्रहालय उभें केलें, आणि दारावर 'ठाकर आदिवासी कला आंगण' हें नांव घातलें. २०२१ सालीं त्यांसही पद्मश्री मिळाली. कोल्हापुराहून गोव्यास सहलीला जाणारीं किती कुटुंबें त्या गोठ्याशीं थांबतात, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.

या शहरास ही गोष्ट नवी असती तर गोष्ट वेगळी. ९ डिसेंबर १९५० रोजीं बिंदू चौकांत जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले, तेव्हां बाबासाहेब हयात होते. पुढाकार भाई माधवराव बागलांचा. आणि बागल मुळांत चित्रकार. शहराच्या मध्यभागीं कोणाची आठवण उभी करावयाची, हें येथल्या लोकांनीं सरकारी हुकुमाची वाट न पाहतां ठरविलें.

म्हणून माझें मागणें साधें आहे. भिंत द्यावयाची तर वारल्यांस, ठाकरांस बोलवा. प्रवासखर्च आणि चित्रकारास साजेसा मोबदला द्या. फलकावर त्यांचीं नांवें घाला. आणि विषय त्यांनाच ठरवूं द्या. या शेवटच्या अटीपाशींच आमचें औदार्य अडखळेल हें मी जाणून आहें. मीं हें त्या संस्थेच्या मंडळापुढें मांडलें, तेव्हां एका सभासदांनीं काळजीनें विचारलें, "त्यांनीं भलतेंच कांहीं काढलें तर? तलवाडा, वाढवणचें बंदर, असलें कांहीं?"

काढूं द्या. आवाराच्या उत्तरेकडची वीसेक हात भिंत अजून कोरी आहे.