कॅमेऱ्यातील माळ आणि दप्तरातील पडीक

मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांची सांगड घालून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून पाळण्याचे राज्य शासनाने २०२० मध्ये ठरविले. पूर्वी पुण्या-मुंबईच्या मंडळींपुरती असलेली निसर्गभ्रमंतीची हौस आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, तरुण डॉक्टर सुटीच्या दिवशी पहाटे कॅमेरा घेऊन रानात निघतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचा परिसर अशा भ्रमंतीसाठीच घडविल्यासारखा आहे. ज्योतिर्लिंगाच्या देवळाभोवती डोंगर, उतारांवर विरळ रान, पुढे गवताळ माळ आणि पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही दोन मोठी धरणे. मराठवाड्यातील अशा जलाशयांवर हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात. माळांवर चंडोल, माळटिटवी, धाविक आणि मध्य आशियातून येणारे भोवत्ये दिसतात. रोही, खोकड, ससा हे तर घरचेच.

ही सुखवस्तूंची चैन आहे, असे म्हणून कार्यकर्त्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. शेतमजुराच्या वर्षभराच्या कमाईत न बसणारी यंत्रे या छंदाला लागतात, हे खरे. पण निजामी राजवटीत आणि तिच्यानंतरही काही काळ रानात शिरणाऱ्या प्रतिष्ठिताच्या खांद्यावर बंदूक असे, आणि त्याचे छायाचित्र निघे ते मेलेल्या जनावरावर पाय ठेवून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या शौर्याला आळा घातला. बंदुकीच्या जागी कॅमेरा येणे ही प्रगतीच होय. मात्र, रानावर आपलीच मालकी आहे ही जुनी मुजोरी पुरती गेलेली नाही. स्पष्ट चित्र मिळावे म्हणून घरट्यावरची फांदी दूर करणारा आणि पिलांना उन्हाच्या व कावळ्यांच्या हवाली करून निघून जाणारा हौशी छायाचित्रकार हा त्याच परंपरेचा वारस आहे.

खरा प्रश्न निराळाच आहे. ज्या माळाची इतकी चित्रे निघतात, तो माळ सरकारदप्तरी काय म्हणून नोंदला आहे? बहुधा पडीक. केंद्र सरकार देशातील पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करते. त्यांत झुडुपी माळ आणि खालावलेली चराऊ कुरणे याच सदरात मोडतात. पडीक म्हणजे रिकामे, आणि रिकामे म्हणजे कोणालाही देण्याजोगे, असे हे सरळ गणित आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला आणि सौर पॅनेलांसाठी गायरानांचा शोध सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. तिच्यासाठी शेळ्या-मेंढ्यांचे कुरणच का जावे, हे मात्र ग्रामसभेला क्वचितच विचारले जाते. औंढ्याजवळच, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे ते यंत्र येथे येत आहे, यामागे या भूमीची शांतता हेही एक कारण आहे. विज्ञानाला या माळाची किंमत कळली. महसूल खात्याच्या शब्दकोशात ती अजून यावयाची आहे.

तेव्हा छायाचित्र हा पुरावा आहे. पण पुरावा कोणाच्या हाती जातो यावर सारे अवलंबून असते. सोलापूरजवळच्या नान्नजचा अनुभव विसरता येणार नाही. माळढोक पक्षी तेथे आहे, हे १९७० च्या दशकात जाणत्या निरीक्षकांनी दाखवून दिले आणि १९७९ मध्ये अभयारण्य झाले, ते तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचे! त्यात गावे आली, शेते आली. शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडकून पडले, आणि क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणावयास तीन दशके उलटली. दरम्यान माळढोक तेथून जवळजवळ दिसेनासा झाला. माणसांना वगळून आखलेल्या रेषेने पक्षीही राखला नाही.

औंढ्याच्या माळावरील माणसे कोण? मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर, आणि तित्तिराचा आवाज हुबेहूब काढणारा पारधी. परकीय राजवटीने गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना १९५२ मध्ये कागदोपत्री मुक्ती मिळाली; वीस वर्षांनी वन्यजीव कायद्याने त्यांचा पोटाचा धंदाच गुन्हा ठरविला, आणि पर्यायी रोजगाराची तजवीज कोणी केली नाही. भ्रमंतीला आलेल्या पाहुण्यास घरटे दाखवितो तो हाच. चित्राखाली मात्र भिंगाची मापे छापली जातात, वाटाड्याचे नाव नाही. तीच गत हरभऱ्याच्या राखणीला रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याची. रोह्यांच्या कळपाचे चित्र पाहून शहर हरखते. त्याच चित्रावर तारीख आणि गट क्रमांक असेल तर ते नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला उपयोगी पडेल, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

साधन उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती नेमणे आणि लोकांशी विचारविनिमय करून जैवविविधता नोंदवही तयार करणे हे बंधनकारक केले. वर्षानुवर्षे काही हालले नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि दंडाचा धाक घातला, तेव्हा कोठे वह्या भराभर भरल्या गेल्या. एकाच वहीची नक्कल दहा गावांना पुरली तर नवल नाही. मुदत पाळली गेली की शासन संतुष्ट असते.

या वह्या खऱ्या करणे हे काम पक्षाच्या शाखांनी हाती घ्यावे. प्रत्येक भ्रमंतीतील निवडक चित्रे तारीख, स्थळ व दाखविणाऱ्याच्या नावासह समितीकडे द्यावीत. घरट्यांचे ठिकाण तेवढे गुप्त ठेवावे. समितीवर धनगर, पारधी आणि भूमिहीन बायाबापड्या असाव्यात. गायरान देण्याचा ठराव येईल त्या दिवशी ती वही सभेपुढे वाचली जावी. औंढा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत प्रारंभी एवढेच विचारावे: गावची नोंदवही कोणाच्या कपाटात आहे, आणि तीत माळटिटवीची नोंद आहे काय?