आजारपणाची वजाबाकी म्हातारपणात कशाला?

कामगाराच्या घरात दीर्घ आजार शिरला की पहिली चिंता असते औषधोपचाराची, दुसरी महिन्याच्या किराण्याची आणि तिसरी मुलांच्या शिक्षणाची. या तिन्हींच्या ओझ्याखाली दबलेल्या कुटुंबाच्या मनात चौथी चिंता सहसा येतच नाही. ती असते म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनाची. माणूस बरा होतो, पुन्हा कामावर रुजू होतो, आजारपणाचे दिवस विसरूनही जातो. पण भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे दप्तर ते दिवस विसरत नाही. पंधरा-वीस वर्षांनी, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडला जातो, तेव्हा ते दिवस सेवाकाळातून निमूटपणे वजा झालेले असतात. आपले निवृत्तिवेतन अपेक्षेपेक्षा कमी का, हे त्या कामगाराला कुणी सांगत नाही आणि विचारावे कुणाला, हे त्यालाही ठाऊक नसते.

ही वजाबाकी कुणा अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यातून झालेली नाही. दोन चांगल्या कायद्यांमध्ये राहून गेलेल्या फटीतून ती झाली आहे आणि म्हणूनच ती दुरुस्त होण्याजोगी आहे.

दोन कायदे, एक फट

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कामगारांसाठी दोन महत्त्वाचे कायदे झाले. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९५२ चा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा. पहिल्याने आजारपण आणि अपघात यांची जबाबदारी उचलली, दुसऱ्याने वार्धक्याची. पुढे १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. मालकाच्या अंशदानातून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जमा होते आणि केंद्र सरकार त्यात १.१६ टक्क्यांची भर घालते. ज्या वेतनावर ही आकारणी होते, त्याची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपये करण्यात आली.

विमा योजनेतील तरतुदी खरोखर दिलासा देणाऱ्या आहेत. आजारी कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी पात्र कामगाराला ८० टक्के दराने विस्तारित लाभ मिळतो आणि त्याची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. कामावर असताना अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आले, तर ९० टक्के मिळतात. ज्या घरात एकच कमावता हात असतो, त्या घराची चूल या रकमेवर पेटती राहते.

फट आहे ती पुढे. विमा महामंडळाकडून मिळणारी ही रक्कम कायद्याच्या भाषेत ‘लाभ’ असते, ‘वेतन’ नसते. भविष्य निर्वाह निधीचे अंशदान मात्र वेतनावरच कापले जाते. वेतन नाही म्हणून अंशदान नाही. मालक दरमहा जे विवरणपत्र भरतो, त्यात अशा दिवसांसाठी स्वतंत्र रकाना असतो. ‘एनसीपी डेज’, म्हणजे अंशदानरहित दिवस. निवृत्तिवेतनपात्र सेवा ठरते ती अंशदानावरून. त्यामुळे रुग्णशय्येवरचा प्रत्येक दिवस त्या रकान्यात जातो आणि सेवेतून गळतो. यंत्रात बोटे गेलेला कामगार घरी बसून जखम भरण्याची वाट पाहतो, तो काळही याच रकान्यात जमा होतो. जो अपघात कारखान्याच्या कामात झाला, त्याची किंमत कामगाराने आपल्या म्हातारपणातून मोजायची, असा याचा अर्थ आहे.

हिशेब काय सांगतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, एक कामगार २०१५ साली वयाच्या ३७ व्या वर्षी कारखान्यात लागला. २०३६ साली ५८ वर्षे पूर्ण करून तो निवृत्त होईल, तेव्हा त्याची नोकरी २१ वर्षांची झालेली असेल. निवृत्तिवेतनाचे सूत्र सरळ आहे. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. ज्याची अशी सेवा २० वर्षे वा अधिक भरते, त्याला ५८ व्या वर्षी निवृत्त होताना दोन वर्षांची जादा भर मिळते. वेतन १५ हजार धरले, तर या कामगाराची २१ अधिक २, म्हणजे २३ वर्षे होतात आणि मासिक निवृत्तिवेतन सुमारे ४ हजार ९२९ रुपये ठरते.

आता हाच कामगार मध्येच असाध्य वाटणाऱ्या आजाराने दोन वर्षे अंथरुणाला खिळला आणि नंतर बरा होऊन कामावर परतला, असे मानू. अंशदानाची वर्षे १९ उरली. विसाची अट हुकल्याने दोन वर्षांची भरही गेली. आजार दोन वर्षांचा आणि तोटा चार वर्षांचा! निवृत्तिवेतन येते सुमारे ४ हजार ७१ रुपये. दरमहा ८५७ रुपयांचा हा फरक आयुष्यभर राहणार आणि त्याच्या पश्चात पत्नीला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावरही त्याची सावली पडणार. शिवाय भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात त्या दोन वर्षांत कामगार आणि मालक यांचे मिळून जे ५६ हजार ४०० रुपये जमा झाले असते, ते झालेच नाहीत. त्यावरच्या चक्रवाढ व्याजाचा हिशेब आणखी वेगळा. ज्यांचे महिन्याचे उत्पन्न लाखांत आहे, त्यांना ८५७ रुपये क्षुल्लक वाटतील. चार हजारांत महिना काढणाऱ्या वृद्ध दांपत्यासाठी ते महिन्याच्या औषधांचे पैसे असतात.

सरकारी न्याय आणि खासगी न्याय

हा प्रश्न सुटण्यासारखा नाही, असे म्हणता येत नाही. कारण सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुरता तो केव्हाच सोडवला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या जुन्या निवृत्तिवेतन नियमांनुसार वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असाधारण रजा बिनपगारी असली, तरी ती सेवेत धरली जाते. आजार ही कामचुकारी नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. सेवेत असताना अपंगत्व आले, तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हे १९९५ च्या अपंग कल्याण कायद्याने सांगितले. २००३ साली कुणाल सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१६ च्या नव्या कायद्यानेही हे संरक्षण कायम ठेवले. परंतु ते आहे सरकारी आस्थापनांसाठीच. भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या वसाहतीतील कामगाराचा आजार आणि मंत्रालयातील कारकुनाचा आजार यांत वैद्यकशास्त्राला फरक दिसत नाही. मग तो कायद्याला का दिसावा?

जर्मनीत १८८९ साली अपंगत्व आणि वार्धक्य यांच्या विम्याचा कायदा झाला. तेथे आज कामगार दीर्घकाळ आजारी पडला, तर पहिले सहा आठवडे मालक वेतन देतो आणि पुढे आरोग्य विमा निधी आजारभत्ता देतो. या भत्त्याच्या काळातही त्याच्या निवृत्तिवेतनाचे अंशदान थांबत नाही. पूर्वीच्या वेतनाच्या ८० टक्के रकमेवर ते भरले जाते आणि आरोग्य विमा निधी त्याचा वाटा उचलतो. आजारपणाचा विमा आणि वार्धक्याचा विमा तेथे परस्परांशी बोलतात. आपल्याकडे दोन्ही संस्था एकाच श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीत असूनही हा संवाद घडलेला नाही.

उपाय आवाक्यातला आहे

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, कामगार खोटी आजारपणे दाखवतील. पण विमा योजनेचा लाभ तिच्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्याशिवाय मिळतच नाही. जे प्रमाणपत्र लाभ देण्यास पुरेसे, ते सेवा मोजण्यास अपुरे कसे? दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान कारखानदारावर हा बोजा टाकू नये, हे मान्यच. तोही बहुधा कर्जाच्या हप्त्यांशी झुंजणारा मध्यमवर्गीय असतो. परंतु १५ हजार वेतनाच्या कामगाराला ८० टक्के दराने महिना १२ हजारांचा लाभ देताना, विमा महामंडळाने त्याच्या निवृत्तिवेतनापोटी सुमारे साडेबाराशे रुपये परस्पर भरावेत, एवढीच ही मागणी आहे. तेही जड वाटत असेल, तर प्रमाणित आजारपणाचे दिवस निदान २० वर्षांच्या अटीसाठी तरी सेवेत धरावेत.

त्यासाठी वेळही अनुकूल आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत नऊ जुने कायदे एकत्र आणले गेले. विमा आणि भविष्य निर्वाह निधी हे दोन्ही कायदे त्यांत आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता अमलात आणल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. सत्तर वर्षे वेगवेगळ्या पुस्तकांत राहिलेली प्रकरणे एका पुस्तकात आली असताना त्यांच्यातील फट तशीच ठेवणे शोभणारे नाही. भारतीय मजदूर संघासह अनेक कामगार संघटना किमान निवृत्तिवेतन वाढवण्याची मागणी करीत आल्या आहेत. तिच्या जोडीने हीही मागणी पुढे यायला हवी.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनाही करण्यासारखे बरेच आहे. पहिली गोष्ट, आजारी सहकाऱ्याला भरपगारी रजा आणि बिनपगारी रजा यांतील भेद समजावून सांगणे. भरपगारी रजेत अंशदान चालू राहते. दुसरी गोष्ट, विवरणपत्रातील अंशदानरहित दिवसांचा आकडा मालकाकडून वेळीच तपासून घेणे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कायमचे व पूर्ण अपंगत्व आलेल्या कामगाराने घाईने राजीनामा देऊ नये. निवृत्तिवेतन योजनेनुसार अशा कामगाराला, त्याचे एका महिन्याचेही अंशदान जमा असेल तर, दहा वर्षे पूर्ण नसतानाही निवृत्तिवेतन मिळते. अपंगत्व कामावर आले की कामाबाहेर, हेही तेथे पाहिले जात नाही. अट एवढीच की ते नोकरीत असताना आलेले असावे आणि वैद्यकीय तपासणीत सिद्ध व्हावे. कुणाच्या तरी सांगण्यावरून आधी राजीनाम्यावर सही केली, तर हाच हक्क सिद्ध करणे अवघड होऊन बसते.

आपल्या समाजात आजाऱ्याची शुश्रूषा कुटुंब करते, शेजारी डबा पोचवतात, सहकारी रक्त द्यायला धावतात. हे संचित मोलाचे आहे आणि ते जपले पाहिजे. पण म्हातारपणी कमी पडणारे ८५७ रुपये शेजाऱ्यांनी दरमहा द्यावेत, असे कुणी म्हणणार नाही. ते त्या कामगाराच्या हक्काचे आहेत. घाम गाळून परतलेल्या माणसाला समाज विसावा देतो, त्याचप्रमाणे आजारातून उठून पुन्हा कामावर आलेल्या माणसाचे अंथरुणावरचे दिवसही व्यवस्थेने त्याच्या सेवेतच मोजले पाहिजेत.