नाकापेक्षां मोती जड

गेल्या श्रावणांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या नव्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. स्नेही विद्वान्, गाण्यावर मनापासून प्रेम करणारे, आणि आयुष्यभर काटकसरीनें राहून आतां कोठें हात सैल सोडूं लागलेले. घर पुण्यांतील एका नव्या इमारतींत, सहाव्या मजल्यावर; दिवाणखाना १२ फूट लांब व १० फूट रुंद. दार उघडतांच समोर दोन काळे, चकचकीत, जवळजवळ पुरुषभर उंचीचे पेटारे दिसले. एखाद्या संस्थानिकाच्या देवडीवरचे भालदारच जणूं. त्यांच्या मध्यें लोखंडी मांडणीवर ध्वनिवर्धक, तबकड्या फिरविण्याचें यंत्र आणि मनगटाएवढ्या जाड तारा. ह्या सर्व सरंजामासमोर खुर्ची मात्र एकच. स्नेह्यांनीं मोठ्या आदरानें आम्हांस तींत बसविलें, कारण "आवाज याच जागीं नीट लागतो". आणि स्वतः ते दाराशीं उभे राहिले. त्यांच्या मातोश्री दिसेनात म्हणून चौकशी केली. त्यांचा दिवाण पूर्वी खिडकीशीं असे. तो आतां स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळांत गेला होता. आम्ही तेथें जाऊन नमस्कार केला, तेव्हां ती वृद्ध माउली म्हणाली, "ये बाबा. बैस म्हणतें खरी, पण इथें खुर्ची मावत नाहीं. माझें कांहीं अडत नाहीं हो. वारा तेवढा येत नाहीं."

ह्या शेवटच्या चार शब्दांनीं आम्हांस हा लेख लिहावयास लावलें आहे.

असल्या यंत्रांचे षोकीन एकत्र जमले म्हणजे त्यांच्यांत एका प्रश्नाचा खल नेहमीं चालतो: एवढीं मोठीं यंत्रें घरांत ठेवावीं कोठें? कोणी भिंत पाडण्याचा सल्ला देतो, कोणी जेवणाचें मेज काढून टाकण्याचा, कोणी मुलांची अभ्यासाची खोली 'मोकळी करण्याचा'. ठेवावीं कीं नाहीं, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाहीं. तो आम्ही काढतों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: मोठें ध्वनियंत्र ही मोठ्या जागेची आणि अनेक श्रोत्यांची वस्तु आहे. लहान घरांत ती कोंबली म्हणजे घरांतलीं माणसें आपापल्या जागेवरून उठतात, आणि यंत्रहि आपला खरा आवाज देत नाहीं. माणसेंहि गेलीं आणि गाणेंहि गेलें, असा हा दुहेरी तोट्याचा व्यवहार आहे.

षोकिनांचा पूर्वपक्ष आम्हांस अवगत आहे. ते म्हणतात, पेटारा मोठा तितका नाद खरा. दुसरें, पैसा आमचा आणि हौस आमची, त्यांत इतरांनीं बोलण्याचें कारण नाहीं. तिसरें, घरांत उत्तम संगीत आलें तर त्याचा लाभ सर्व कुटुंबालाच होतो. ह्या तिन्हींचा क्रमानें विचार करूं.

पहिला मुद्दा सर्वस्वीं खोटा नाहीं. के. एल. एच. ह्या अमेरिकन कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक जे हॉफमन, त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा नियमच असा आहे कीं, लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तींत मोठा आवाज, ह्या तीन गोष्टींपैकीं एका वेळीं दोनच साधतात. तिसरीवर पाणी सोडावें लागतें. परंतु हा झाला पेटीचा नियम. खोलीचाहि एक नियम आहे आणि तो षोकीन सोयीस्करपणें विसरतात. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. ज्या स्वराच्या लाटेची लांबी खोलीच्या लांबीच्या दुप्पट असेल, तो स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्यें अडकून घुमूं लागतो. १२ फुटांच्या लांबीला तो सेकंदाला सुमारें ४७ कंपनांचा असतो, १० फुटांच्या रुंदीला सुमारें ५६ कंपनांचा. ह्या घुमण्याचा जोर भिंतींशीं सर्वांत अधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य. म्हणजे ज्यानें लक्षावधि रुपये मोजले, त्यानें खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकावी तर तो खर्ज त्यास ऐकूं येऊं नये, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यास मात्र त्यानें झोपूं देऊं नये! पेटारा जितका समर्थ, तितका हा गोंधळ अधिक.

शिवाय एवढा खर्ज आपणांस हवा तरी कशासाठीं? पाश्चात्य देशांतील मोठ्या चर्चमधील ऑर्गनची ३२ फुटी नळी सेकंदाला सुमारें १६ कंपनांचा स्वर काढते. तो घरीं ऐकावयाचा हट्ट असेल तर पेटारा पर्वताएवढा लागेल हें कबूल. पण आमचे स्नेही ऐकतात ख्याल. काळी एकच्या पट्टींत गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारें ६९ कंपनांची. त्याखालीं आपल्या गाण्याला फारसें उतरावेंच लागत नाहीं. त्यांतून स्नेह्यांचा जीव जडलेला अब्दुल करीम खाँसाहेबांवर. खाँसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांचें जें गाणें आपल्यापर्यंत आलें तें तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांतून आलें, आणि त्या तबकड्यांत अतिखोल खर्ज मुळीं उतरलेलाच नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

ध्वनियंत्रांचा इतिहासहि आमच्याच बाजूनें साक्ष देतो. ग्रामोफोनचा कर्णा दिवाणखान्यांत अडचण करतो ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. म्हणूनच १९०६ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें कर्णा कपाटाच्या पोटांत दडविलेला 'व्हिक्ट्रोला' बाजारांत आणला. पुढें १९४६ सालीं पॉल क्लिप्श या इंजिनिअरानें 'क्लिप्शहॉर्न' आणला. खोलीच्या कोपऱ्यांतल्या दोन भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनविण्याची ती युक्ति निःसंशय कौतुकास्पद होती. पण १९५८ च्या सुमारास दोन बाजूंनीं ऐकण्याच्या 'स्टिरिओ' तबकड्या आल्या आणि एका कोपऱ्याचे दोन कोपरे झाले. ज्याच्या घरीं एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे रिकामे आहेत, असा मध्यमवर्गीय गृहस्थ आम्ही अद्याप पाहिला नाहीं. उलट १९५४ सालीं एडगर विल्चर यांनीं हवाबंद लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. आणि १९७० नंतरच्या दशकांत बी. बी. सी. च्या तंत्रज्ञांनीं ध्वनिक्षेपणाच्या गाडींत, जेथें हातपाय हलवावयासहि जागा नसते, तेथें वापरण्यासाठीं जेमतेम फूटभर उंचीची एक पेटी तयार केली. मनुष्याच्या आवाजाच्या खरेपणाबद्दल तिचें नांव जाणकार आजहि आदरानें घेतात. जागा लहान आहे हें ओळखून ज्यांनीं काम केलें, त्यांना यश आलें. हा ह्या इतिहासाचा धडा आहे.

आतां दुसरा मुद्दा. पैसा तुमचा, हें मान्य. जागाहि तुमचीच कशी? हे पेटारे भिंतीपासून दूर ठेवा, असें त्यांचे कारागीरच सांगतात. मागें ३ फूट सोडले, पेटाऱ्याची स्वतःची खोली २ फूट धरली, तर १० फूट रुंदीच्या दिवाणखान्यांतील ५० चौरस फूट जागा त्यांनीं व्यापली. एकंदर १२० चौरस फुटांपैकीं ५०! चौरस फुटाला २०,००० रुपये भाव धरला तरी ही नुसती जागाच दहा लक्ष रुपयांची झाली. यंत्राची किंमत वेगळी. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलींत सबंध कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या संसार केले. तशा खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण दोन लाकडी पेट्यांच्या पाठीमागच्या हवेला बहाल करतों, याची जाणीव तरी असावी. पैसा कमावणारा घरांत एखादाच असतो; जागा वापरणारीं सर्वच असतात. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, ही म्हण ह्या यंत्रांना तंतोतंत लागू पडते. आज दिवाण सरकतो, उद्यां मुलीचें अभ्यासाचें मेज सरकतें. आणि 'हलवूं नका, आवाज बिघडेल' ह्या सबबीखालीं पेटारा तेवढा कधींच सरकत नाहीं.

इतकें वाचून ज्यांच्या घरीं असला षोक नाहीं ते वाचक टाळ्या पिटूं लागले असतील. त्यांनीं अंमळ थांबावें. त्यांच्या दिवाणखान्यांत भिंतभर टेलिव्हिजन आहे, वर्षांतून चार वेळां येणाऱ्या पाहुण्यांसाठीं हत्तीएवढा सोफा आहे, कधींहि न काढावयाच्या चिनी मातीच्या भांड्यांचें कांचेचें कपाट आहे. तंबोरा टेकवावयास मात्र कोपरा नाहीं. "गाणें काय, मोबाइलवरसुद्धां ऐकूं येतें," असें हेच लोक म्हणतात. मोबाइलच्या नखाएवढ्या ध्वनिक्षेपकांत खर्जाची तार मुळीं उमटतच नाहीं. कान ती कल्पनेनें भरून काढतो, इतकेंच. गाण्याला घरांत जागा हवी असें निदान आमचे षोकीन मानतात, आणि तेवढ्यापुरते ते ह्या मंडळींहून आम्हांस शतपटीनें जवळचे आहेत. आमचा तंटा त्यांच्या प्रेमाशीं नाहीं, त्या प्रेमाच्या आकाराशीं आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ह्या संगीताचा लाभ सर्व कुटुंबाला होतो, हें खरें काय? आम्ही जें पाहिलें त्यांत खुर्ची एकच होती. दोन पेटारे आणि श्रोता असा त्रिकोण जुळला तरच चित्र उभें राहतें. चार बोटें इकडेतिकडे सरकलें कीं तें मोडतें. म्हणजे हें यंत्र स्वभावतःच एकलकोंडें आहे. आपलें गाणें असें नाहीं. गिरगांवांत लक्ष्मीबागेच्या लहानशा दिवाणखान्यांत बैठकी होत, तेव्हां श्रोते मांडीला मांडी लावून बसत. शेजाऱ्याची मान हलली कीं आपल्याहि लक्षांत येई कीं, येथें कांहीं घडलें. दाद ही एकट्यानें द्यावयाची वस्तु नव्हे. ग्रामोफोनच्या काळीं सुद्धां एका बिऱ्हाडांत तबकडी लागली तर जिन्यावर शेजारचीं मुलें येऊन बसत. आवाज फुटका होता, पण ऐकणारीं माणसें दहा होतीं. आतां आवाज निर्दोष झाला आणि माणूस एकच उरला!

हा दोष आम्हीं केवळ दुसऱ्याच्या घरीं पाहिला, असें समजूं नये. वीस वर्षांपूर्वीं आम्हीहि ह्याच मोहाला बळी पडलों होतों. पेटारे आले, आणि त्यांच्यासाठीं आमच्या कुटुंबाचें शिवणयंत्र खिडकींतून निघून माळ्यावर गेलें. तिनें विरोध केला नाहीं. 'तुमचें होऊं द्या' एवढेंच म्हणाली. आठ वर्षांनीं आम्हीं ते पेटारे विकले आणि यंत्र खालीं काढलें. तें अद्यापि त्याच खिडकींत आहे. पण त्यावर पुन्हां ती बसली नाहीं. मधल्या काळांत तिची नजरहि गेली होती आणि संवयहि. घरांतल्या माणसाची जागा एकदां मोडली म्हणजे ती मागाहून परत देतां येतेच असें नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगत आहों.

मग मोठीं यंत्रें मुळीं असूंच नयेत कीं काय? अवश्य असावींत, पण त्यांच्या योग्य जागीं. जपानांत घरें लहान आणि परदेशी तबकड्या महाग. म्हणून तेथें पाश्चात्य संगीत ऐकण्यासाठीं चहा-कॉफीचीं स्वतंत्र दुकानें निघालीं. टोकिओच्या शिबुया भागांतील 'लायन' हें दुकान १९२६ सालचें. युद्धांत जळालें आणि १९५० सालीं पुन्हां उभें राहिलें. तेथें भिंतभर पसरलेले लाकडी ध्वनिक्षेपक आहेत, खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या आहेत, आणि बोलण्यास मनाई आहे. एका कॉफीच्या किमतींत कोणीहि यावें आणि ऐकावें. आपल्याकडे ही बुद्धि कां सुचूं नये? पुण्यांत गायन समाज १८७४ सालींच स्थापन झाला. एकत्र बसून ऐकण्याची परंपरा आपणांस नवी नाहीं. आजच्या गृहसंस्थांत बारशा-वाढदिवसांपलीकडे बंद असणारीं सभागृहें आहेत, गांवोगांव ग्रंथालयांचे दिवाणखाने आहेत. चार षोकिनांनीं पैसे एकत्र करून एक उत्तम संच तेथें ठेवावा, आठवड्यांतून एक सायंकाळ ठरवावी, आणि घरीं फूटभर उंचीच्या दोन पेट्यांवर संतोष मानावा. यंत्राला मोठी जागा मिळेल, गाण्याला श्रोते मिळतील, आणि घर ज्याचें त्याला राहील.

घरासाठीं वस्तु घेतांना आम्ही आतां एकच कसोटी लावतों: ही आली तर कोणाला उठावें लागेल? ज्या वस्तूसाठीं माणसाला उठावें लागतें, ती कितीहि मौल्यवान् असली तरी नाकापेक्षां मोती जडच.

आमचे स्नेही हा लेख वाचून आमच्यावर रागावतील. त्यांचा तो अधिकार आहे. रागावण्यासाठीं त्यांनीं आम्हांस खुशाल घरीं बोलवावें. त्या वेळीं दिवाणखान्यांत दोन खुर्च्या मांडाव्या आणि खिडकीशीं दिवाण असावा, एवढीच त्यांस विनंति आहे.