घोड्यांनी तक्रार केली नाही म्हणे!

आधी शिरूरला आणि पाठोपाठ दौंडला एका वक्त्यांनी एकच व्याख्यान ठोकले. सार असे: युद्धात बातमी फौजेच्या मालकीची, पत्रकार म्हणजे फितुरीचे मूळ, आणि लढाईत मेलेल्या मुक्या जनावरांसाठी गळा काढणारे शहरी रिकामटेकडे. पुरावा घरचाच. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिरूर छावणीचे घोडदळ 31 डिसेंबर 1817 च्या रात्री निघाले, रात्रभर चालले, दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी पाण्यावाचून झुंजले. कुणी तक्रार केली का?

घोड्यांनी केली नाही, हे मान्य. पण करायची कुठे? पहिले मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ निघायला 1832 उजाडले. त्या दिवसाची हकीकत बरीचशी कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या खलित्यांवरून कळते. सासूच्या पत्रावरून सुनेचे सुख ठरवावे, तसला हा पुरावा.

‘शत्रूला फायदा होतो’ हा त्यांचा हुकमी एक्का. तो जरा उलटून पाहू. नोव्हेंबर 1915 मध्ये ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन आजच्या इराकमधल्या टेसिफॉनहून तुर्कांपुढे मागे हटली. तीत मराठा पलटणीही होत्या. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणले. सरकारी तार मात्र म्हणते, व्यवस्था समाधानकारक! बसऱ्याला पोचलेल्यांचे हाल वर कळवणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरला अटकेची धमकी मिळाली. मग कूत गावात त्याच डिव्हिजनला तुर्कांचा वेढा. घोडी-खेचरे कापून खायची पाळी आली. धर्म आडवा आल्याने अनेक हिंदी शिपाई ते मांसही तोंडात घालीनात. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. आता सांगा, हे लपवले कुणापासून? तुर्क तर वेशीबाहेरच बसले होते, त्यांना सगळे दिसत होते. लपवले ते शिपायांच्या आईबापांपासून आणि लंडनच्या पार्लमेंटापासून. 1917 साली चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आला, तेव्हा भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. भुकेपोटी जनावर कापणाऱ्या शिपायाला मी क्रूर म्हणणार नाही. तयारी नसताना माणसे नि जनावरे पुढे रेटणाऱ्यांना म्हणेन, आणि नेमके तेच तारेआड दडतात.

‘शहरी’ म्हणे! बैलगाडा शर्यतीवर 2014 साली बंदी आली, तेव्हा बैलाच्या खुराकाचे, मायेचे हिशेब याच तालुक्यांतल्या गाडामालकांनी मांडले. बैलाची माया मर्दानी आणि खेचराची तेवढी रडगाणे?

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याचे थेट प्रक्षेपण घातक होते, कबूल. दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला आता नियमाने बंदी आहे, तेवढी पुरे.

ठिकाण, वेळ, हालचाली खुशाल झाका. मोहीम संपली की माणसांबरोबर जनावरांचाही आकडा द्या, बातमीदाराला जनावरांच्या डॉक्टरशी बोलू द्या. सेवा संपलेल्या लष्करी कुत्र्यांना मारून टाकण्याची आपली प्रथा 2015 मध्ये माहिती अधिकारामुळे उघडी पडली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि धोरण बदलले. त्यातून कुठल्या शत्रूच्या हाती कुठला नकाशा लागला, तेवढे वक्त्यांनी पुढच्या व्याख्यानात सांगावे.