‘त्या बापाचं म्हणणंही ऐकायला हवं होतं’



मागच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. नववीच्या मुलांनी स्वतःच एक वीस मिनिटांची एकांकिका लिहिली. विषयही त्यांचाच. मुलगी दहावी झाली आहे, तिला पुढं शिकायचंय, आणि वडील म्हणतात, आता पुरे. पहिल्या तालमीला मी वर्गात जाऊन बसले. दारातून ‘वडील’ आले. गळ्यात रुमाल, डोळ्यांत सुरमा, हातात तसबीह आणि पहिलंच वाक्य : “बेगम, हमारी शहजादी कहाँ है?”

वर्ग हसून लोटपोट. मलाही हसू आवरेना. मग त्या मुलाला विचारलं, “तुझे अब्बू घरी असे बोलतात का रे?”

“नाही टीचर. अब्बू गाडीतून इतके दमून येतात की बोलतच नाहीत. बॅग ठेवतात आणि विचारतात, पाणी आलं का?”

“मग तुझ्या नाटकातला बाप कुठल्या घरातला?”

जरा विचार करून म्हणाला, “टीव्हीतला.”

नाटक-सिनेमात मुसलमान माणूस दाखवला की तो एकतर गुंड असतो, नाहीतर शेवटी मित्रासाठी जीव देणारा चाचा असतो, ही आपली जुनी तक्रार. ती खरीही आहे. पण इथं तर आपल्याच लेकरांनी, ज्यांच्या घरात कोकणी, मराठी, दखनी सगळं बोललं जातं त्यांनी, स्वतःच्या अब्बूंना ‘बेगम-शहजादी’ बोलायला लावलं होतं. तेव्हा वाटलं, मुलांना नाटक करायला शिकवण्याआधी नाटक पाहायला आणि ऐकायला शिकवायला हवं. मुलांनाच कशाला, आपल्यालाही.

सुरुवात एकांकिकेपासून करावी. एक तर ती छोटी, साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. त्यात एकच प्रसंग, चार-दोन माणसं. लेखकाला लांबण लावायला जागा नसते, म्हणून पात्राचं पहिलं वाक्यच सांगून जातं की लेखक या माणसाला ओळखतो की नाही. महाराष्ट्रात या प्रकाराची मोठी परंपरा आहे. पुण्याची महाविद्यालयीन मुलांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तिथले परीक्षक किती काटेकोर, तर २०२२ साली एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून त्यांनी करंडक कुणालाच दिला नाही. आणि छोटं म्हणून कमी लेखायचंही कारण नाही. देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ आधी कॉलेजच्या स्पर्धेतली एकांकिका होतं. १९९३ मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि गावोगाव गाजलं.

मुलांना मी पहिलं उदाहरण दिलं प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’चं. दोन पात्रं, नेपथ्य नावापुरतं, आणि विषय तहान. दलित माणसाला घोटभर पाण्यासाठी काय काय सोसावं लागतं, ते ही दोन माणसं वेगवेगळ्या भूमिका घेत दाखवतात. हे लिहिणारे गज्वी २०१९ साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. आमच्या मुलांना सगळ्यात नवल वाटलं ते याचं की जो नट आत्ता पाणी मागतो, तोच थोड्या वेळानं पाणी नाकारणारा होतो. म्हणजे नाकारणाऱ्याच्या तोंडचं वाक्यही लेखकाला तितकंच मन लावून लिहावं लागतं.

दुसरं नाव सांगितलं शफाअत खान यांचं. मुलांना वाटलं उर्दू लेखक असतील. नाही, मराठीतले आजचे मोठे नाटककार. त्यांचं ‘शोभायात्रा’ हे पूर्ण लांबीचं नाटक, पण त्यातली कल्पना मुलांना लगेच पटली. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाच्या मिरवणुकीसाठी गांधी, नेहरू, टिळक अशी सोंगं घेऊन माणसं एका जागी थांबली आहेत. वेष थोरांचा, बोलणं मात्र आजच्या माणसाचं. ‘राहिले दूर घर माझे’ हेही त्यांचंच. असगर वजाहत यांच्या फाळणीवरच्या हिंदी नाटकावरून त्यांनी ते मराठीत आणलं. उर्दूतही आपल्या मुंबईत इक्बाल नियाझी छोटी नाटकं लिहितात, बसवतात. मुजीब खान यांनी तर प्रेमचंदांच्या कितीतरी कथा थोडक्या सामानात रंगमंचावर आणल्या. हे सगळं जवळच्या मुंबईतलं, आणि महाजनवाडीला लता मंगेशकर नाट्यगृह झाल्यापासून आपल्या मीरा-भाईंदरकरांना नाटकासाठी दर वेळी बोरिवली, दादर गाठायची गरजही उरलेली नाही.

असो. तर मुलांनी संहिता पुन्हा लिहिली. सुरमा गेला, शहजादी गेली. मुलीचं काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी आधी नकार दिला होता. मी घरी गेले, बोलले. तालीम शाळेच्या वेळातच होईल, नाचगाणं नसेल, ओढणी राहील, एवढं त्यांनी विचारून घेतलं आणि होकार दिला. त्यांची काळजी मला गैर वाटली नाही. नाटक हवं म्हणून घरच्यांचा मान सोडावा लागतो, असं मुळीच नाही.

संमेलनाच्या दिवशी नाटकातला बाप आला, बॅग खाली ठेवली, कपाळ पुसलं आणि म्हणाला, “पाणी आलं का?” सभागृहातल्या आया आधी हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. प्रत्येकीला आपलं घर दिसलं असणार. पुढं मुलगी बोलली, आई तिच्या बाजूनं बोलली, टाळ्या पडल्या. मी खूश.

कार्यक्रम संपल्यावर त्या विद्यार्थिनीचे वडील भेटले. ते मागं उभं राहून पाहत होते. म्हणाले, “टीचर, मुलीचं चांगलं मांडलंत. पण त्या बापाचं म्हणणंही ऐकायला हवं होतं. तो नुसता नाही-नाही म्हणतो. का म्हणतो, ते कुणी विचारलंच नाही.”

खरं सांगते, पहिल्यांदा राग आला. वाटलं, स्वतःची बाजू सांगताहेत. घरी येऊन संहिता काढली आणि मोजलं. मुलीची वीस-बावीस वाक्यं, आईची दहा-बारा, बापाची पाणी सोडून चार. चारही नकाराची. बापाचा सुरमा आम्ही पुसला होता, पण आतला माणूस लिहिलाच नव्हता. सिनेमावाले आपल्याशी जे करतात, तेच आम्ही त्याच्याशी केलं होतं.

इतकी वर्षं शिकवतेय, पण नाटकाची एवढी नेमकी समीक्षा मी क्वचित ऐकली. ज्याचं आपल्याला पटत नाही, त्यालाही त्याचं कारण पुरतं सांगू देतं, ते चांगलं नाटक. आणि नाटक पाहणं म्हणजे तरी काय? समोरच्याचं मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकणं.

पुढच्या आठवड्यात मुलं पुन्हा बसली. बाप का नाही म्हणतो, यावर वर्गात तासभर चर्चा झाली. कॉलेज लांब आहे, गाडीच्या गर्दीची भीती आहे, धाकट्याची फी आहे, आणि लोक काय म्हणतील हेही आहेच. सगळं लिहिलं. बापाचं वाचन कुणी करायचं म्हटल्यावर त्याच विद्यार्थिनीनं हात वर केला. तिनं बापाची वाक्यं वाचली, आणि मुलीची भूमिका वाचणारी दुसरी मुलगी उत्तर देताना अडखळली. आधी जे उत्तर टाळ्या घेत होतं, ते आता पुरत नव्हतं. तिला नवं उत्तर शोधावं लागलं आणि ते आधीच्यापेक्षा भक्कम निघालं. मुलीचा हक्क तसूभरही कमी झाला नाही, उलट तिचं बोलणं आता बापापर्यंत पोहोचेल असं वाटलं.

वाचकहो, या महिन्यात एक करून पाहा. वाचनालयातून एखादा एकांकिकासंग्रह आणा, मराठी किंवा उर्दू. रात्री जेवणानंतर मोबाइल बाजूला ठेवून घरातल्यांनी भूमिका वाटून घ्या. पाठांतर नको, वेष नको, बसल्या जागी वाचन. मात्र अट एक : अब्बूंनी मुलाची भूमिका वाचायची, मुलीनं आईची, सासूनं सुनेची. वाचून झालं की ‘आवडलं का’ असं विचारू नका. विचारा, यातल्या कुणाचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं?

उत्तर आलं तर मला जरूर कळवा. आमच्या मुलांना पुढच्या संमेलनासाठी विषय हवाच आहे.

खुदा हाफिज.